टेलिपथी (न बोलता दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं) येणाऱ्या शाळकरी मुलांवर रहस्यकादंबरी लिहायला घेतली आहे. असं खरोखर कधी काही घडलं होतं का?

घडलं होतं, आणि त्यात तुम्हाला आयतं कथानक सापडेल.

इंग्लंडमध्ये डर्बीशरमधल्या बक्स्टन गावी क्रीरी नावाचा एक पाद्री राहायचा. त्याच्या १० ते १७ वर्षांच्या मुली घरात एक खेळ खेळायच्या. एकीला खोलीबाहेर पाठवायचं, बाकीच्यांनी एखादी वस्तू किंवा पत्त्यांमधलं पान मनात धरायचं आणि तिने आत येऊन ते ओळखायचं. १८८१ मध्ये विल्यम बॅरेट हे भौतिकशास्त्रज्ञ खास हे पाहायला आले आणि थक्क झाले. १८८२ मध्ये लंडनला अशा गूढ गोष्टींचा अभ्यास करणारी सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च ही संस्था स्थापन झाली. टेलिपथी हा शब्दही संस्थेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या फ्रेडरिक मायर्सनी त्याच वर्षी घडवला.

पुढे मुलींचं अचूक ओळखणं हळूहळू कमी होत गेलं. १८८७ मध्ये केंब्रिजला पुन्हा प्रयोग झाले, तेव्हा दोघी बहिणी खुणा करताना पकडल्या गेल्या. नजर वर म्हणजे बदाम, खाली म्हणजे चौकट, उजवीकडे इस्पिक, डावीकडे किलवर. मध्ये पडदा लावला तर पाय घासला की बदाम, खोकला किंवा जांभई आली की चौकट! (मेंढीकोट खेळताना मी आणि माझा मामेभाऊ नाक खाजवून हेच करायचो. आजोबांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.)

दुसरं प्रकरण १९५५ नंतरचं, वेल्समधलं. दोन शाळकरी चुलतभावांवर एस. जी. सोल या टेलिपथीच्या अभ्यासकाने प्रयोग केले, आणि चांगल्या गुणांना पैशांचं बक्षीसही ठेवलं. पोरं अधूनमधून खुणा करताना सापडली, तरी सोल यांचा विश्वास ढळला नाही. टीकाकारांनी शंका काढली ती भारी आहे: लपवलेली बारीक शिट्टी. तिचा अतिउच्च स्वर मुलांना ऐकू येतो, पण वय झालेल्या माणसांच्या कानांना तो कळतच नाही. हे सिद्ध झालं नाही, पण रहस्यकथेला याहून चांगला धागा कुठे मिळणार?

मी तुमच्या जागी असतो तर मुलांची शक्ती खरी ठेवली असती, पण ओसरत चाललेली. लंडनहून मोठी माणसं येऊन बसली आहेत, वडील अभिमानाने पाहताहेत, आणि आज धाकटीला काहीच ऐकू येत नाहीये. मग थोरली हळूच पाय घासते.