कन्व्हर्टर घेताना आतली चिप विचारा

वजनकाट्याचं रीडिंग तास-दीड तास सॉफ्टवेअरमध्ये नीट येतं, मग गप्प. वायर काढून पीसीच्या शेजारच्या यूएसबी सॉकेटात घातली की कॉम पोर्टचा (विंडोज त्या जोडणीला देतं त्या नावाचा, उदा. कॉम ५) नंबरच बदलतो. काटा बिघडला का, असं तुम्ही विचारलंय.

बहुतेक काटा ठणठणीत असावा. संशय काट्याची सिरीयल केबल यूएसबीला जोडणाऱ्या त्या कन्व्हर्टरवर घ्या. नंबर बदलणं ही तर सरळ खूण आहे. सीएच३४० सारख्या स्वस्त चिपमध्ये सहसा स्वतःचा सिरीयल नंबर नसतो, म्हणून विंडोज तिला सॉकेटवरून ओळखतं. एफटीडीआय या कंपनीच्या एफटी२३२आर चिपमध्ये तो असतो. कुठेही लावा, कॉम ५ हा कॉम ५ च राहतो. दोन-तीन उपकरणं एकाच पीसीला असतील तर एवढ्या एका कारणासाठी मी जास्तीचे पैसे मोजतो.

पुण्यात तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाल तेव्हा नुसतं 'यूएसबी टू सिरीयल द्या' म्हणू नका, चिप विचारा. 'सगळे सेमच असतात साहेब' असं उत्तर आलं तर पुढचं दुकान गाठा. एफटीडीआयच्या नकलाही भरपूर आहेत. २०१४ साली कंपनीने विंडोज अपडेटमधून असा ड्रायव्हर सोडला, की नकली चिपचा प्रॉडक्ट आयडी (ज्यावरून विंडोज चिप ओळखतं तो क्रमांक) शून्य होऊन कन्व्हर्टर ओळखूच येईना. प्रोलिफिक या दुसऱ्या चिप कंपनीचे नवे ड्रायव्हरही तिच्याच जुन्या पीएल२३०३ चिपला 'कोड १०' ही एरर दाखवून हात वर करतात. आणि हो, नऊ पिनांचा आरएस-२३२ (काट्याच्या सिरीयल पोर्टचा प्रकार) कन्व्हर्टरच घ्या. आर्डुइनोवाल्यांचा कमी व्होल्टेजवर चालणारा टीटीएल बोर्ड काट्याला जोडलात तर बोर्ड जळू शकतो.

खरा एफटीडीआय घेतल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन लेटन्सी टायमर (थोडा डेटा पुढे पाठवण्याआधी चिप किती थांबते ती वेळ) १६ वरून १ मिलिसेकंदावर आणा. काट्याचं उत्तर मोजक्या अक्षरांचं, तेवढ्यासाठी चिप उगाच थांबून राहते. तासाभराने गप्प होण्यामागे मात्र मला विंडोजची वीजबचत दिसते. पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वापरात नसलेलं यूएसबी उपकरण झोपवणारी सेटिंग) बंद करून पाहा, हे आज, फुकटात होईल. शेजारी मोटर किंवा वेल्डिंग असेल तर आयसोलेटेड कन्व्हर्टर, म्हणजे काटा आणि पीसी यांच्यात थेट विजेची जोडणी न ठेवणारा, लागेल. भोसरीत आमच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर सुरू झाला की पोर्ट गायब व्हायचा, तो प्रकार आयसोलेशननंतरच थांबला.

खरेदीआधी एक चाचणी करा. सध्याच्या कन्व्हर्टरची केबल काट्यापासून काढून त्याच्या २ आणि ३ नंबरच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडा, पीसीवरच्या सिरीयल टर्मिनल प्रोग्राममध्ये हँडशेक (फ्लो कंट्रोल) बंद ठेवून टाइप करा. अक्षरं परत आली पाहिजेत. तसंच दोन तास चालू ठेवा. तरीही येत राहिली, तर मग काट्याची केबल आणि बॉड रेट (डेटाचा वेग, दोन्हीकडे सारखाच हवा) तपासा.