पहिल्यांदाच व्हिमीच्या तारा ओढताना
व्हिकर्स व्हिमी या दुपंखी विमानाचं मॉडेल किट घेतलंस, छान केलंस! १९१९ साली अल्कॉक आणि ब्राउन यांनी कुठेही न उतरता अटलांटिक ओलांडला, तो याच जातीच्या विमानातून. १/७२ प्रमाणात (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) बनवलं तरी पंख जवळपास २९ सेंटिमीटर भरतात, म्हणजे चिमटा फिरवायला जागा भरपूर आहे. दोन पंखांमध्ये ताणायच्या तारांना घाबरू नकोस.

नवखे हमखास चुकतात ते वरचा पंख घाईने चिकटवून. त्याआधी:

- तारांची भोकं पंख सुटे असतानाच ०.३ मिमी ड्रिलने पाड.
- रंग, डिकल्सही (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) तेव्हाच.
- पंखांमधले खांब रात्रभर वाळू दे. खरंच रात्रभर.

तारांसाठी धागा लवचीक घे. नायलॉन जास्त ताणला तर पंख वाकतात. मधून सुरुवात करून टोकांकडे जा. सुपरग्लू सुईच्या टोकावर राहील एवढाच. टर्नबकल्स (तारा ताणायचे छोटे स्क्रू) पुढच्या मॉडेलला बघू.