केळं पिकलं, म्हणजे नेमकं काय बदललं?

प्रश्न : हिरवं केळं पिकून पिवळं झालं, तर ते तेच केळं की वेगळं? कार्य कारणात आधीच असतं असं सांख्य दर्शनाचे लोक म्हणतात, न्याय दर्शनाचे नैयायिक नाही म्हणतात. कुणाचं पटावं?
– एक वाचक, रावेर

उत्तर : आधी ॲरिस्टॉटलची रीत वापरा. टिकलं काय, गेलं काय, आलं काय, हे वेगवेगळं मांडा. केळ्यात टिकला तो गर. गेला स्टार्च (कच्च्या गरात सुमारे २० टक्के, पिकल्यावर एक-दोन टक्के) आणि आली साखर. म्हणजे केळं तेच, गुण पालटले. तेच सडून खत झालं, तर केळं उरतच नाही. तो द्रव्याचा बदल. एक जण गुणांबद्दल बोलतो, दुसरा द्रव्याबद्दल, आणि बहुतेक वाद तिथेच भरकटतात.

आता सांख्य. सांख्यकारिका या ग्रंथाच्या नवव्या कारिकेत (श्लोकात) सत्कार्यवादाची, म्हणजे कार्य कारणात आधीच असतं या मताची, पाच कारणं आहेत. त्यातलं भक्कम हे, की तेलासाठी तीळच लागतात, वाळू चालत नाही. नैयायिक उत्तर देतात, तेलाचा प्रागभाव (निर्माण होण्याआधीचा अभाव) तिळातच असतो, वाळूत नसतो. मग ते उलट विचारतात, गोडी आधीच होती तर रायपनिंग चेंबरमध्ये (केळी पिकवण्याच्या खोलीत) इथिलीन वायू कशाला सोडता? सांख्य म्हणतात, अव्यक्त होती, ती व्यक्त झाली. यावर नैयायिक विचारतात, आणि हे व्यक्त होणं आधी होतं का? होतं, तर खटाटोप वाया. नव्हतं, तर नसलेलं निर्माण झालं, म्हणजे नैयायिकांचंच खरं. ही कोंडी सांख्यांना नीट फोडता आली नाही, असं आम्हांला वाटतं.

प्रश्न : बौद्ध म्हणतात तसं सगळं क्षणिक असेल, तर काल घड कापणारा आणि आज मजुरी मागणारा वेगळे ठरत नाहीत का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : १९१६पासून तत्त्वज्ञान मंदिर असलेल्या गावातून हा प्रश्न आला, याचा आनंद आहे. मिलिंदप्रश्न या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेनांचं उत्तर आहे, तोच नाही आणि दुसराही नाही. प्रत्येक क्षण पुढच्याला जन्म देतो, अशी ही संतान म्हणजे साखळी. मजुरी त्याच साखळीला मिळते, शेजाऱ्याच्या नाही, म्हणून व्यवहार अडत नाही. खरी अडचण ओळखीची आहे. ‘घड मीच कापला’ म्हणणारा दोन्ही वेळी हजर नसेल, तर ओळखतो कोण? बौद्ध स्मृतीही त्या साखळीतच बसवतात. नैयायिकांना ते मान्य नाही. त्यांच्यातल्या उदयनाचार्यांच्या आत्मतत्त्वविवेक या ग्रंथाची सुरुवातच क्षणभंगाच्या (सगळं क्षणिक आहे या मताच्या) खंडनाने होते. तो भाग आधी वाचा.