गिऱ्हाइकाला डॉलर कोण देणार?

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तक्ता मी काळजीपूर्वक वाचला. लोकसंख्या, शहरीकरण, दरडोई उत्पन्न, पुढच्या दहा वर्षांतली अपेक्षित वाढ असे सगळे रकाने त्यात आहेत आणि शेवटी ‘नायजेरिया की केनिया?’ हा तुझा प्रश्न आहे. बाबांनी भोसरीच्या शेडमध्ये उभा केलेला पंपांचा धंदा बाहेरच्या बाजारात गेल्याशिवाय वाढणार नाही हे तुला पटलेले आहे आणि कष्टाला तू मागे हटणार नाहीस हे मला ठाऊक आहे. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो. गिऱ्हाइकाला डॉलर कोण देणार, हा रकाना तुझ्या तक्त्यात नाही.

वाढीच्या आकड्यावर तुझा फार विश्वास दिसतो. एप्रिल २०१४ मध्ये नायजेरियाने राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याचे आधारवर्ष १९९० वरून २०१० वर आणले आणि २०१३ सालचे उत्पन्न ४२.४ लाख कोटी नायरांवरून (नायरा हे तिथले चलन) एकदम ८०.२ लाख कोटींवर गेले. दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून तो देश आफ्रिकेतली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था ठरला. ही दुरुस्ती योग्यच होती, कारण चित्रपट आणि मोबाइलसारखे नवे व्यवसाय जुन्या मोजणीत नीट धरलेच जात नव्हते. पण त्या दिवशी कानो या तिथल्या शहराच्या बाजारातल्या पंपविक्रेत्याच्या गल्ल्यात एक नायरासुद्धा जास्त आला नाही, आणि पुढच्याच वर्षी, जून २०१५ मध्ये, तिथल्या मध्यवर्ती बँकेने सिमेंटपासून दात कोरण्याच्या काड्यांपर्यंत ४१ प्रकारच्या मालाच्या आयातीसाठी अधिकृत बाजारातून परकीय चलन देणे बंद केले. तेलाचे भाव पडले होते आणि देशाकडे येणारा डॉलर मुख्यतः तेलाचाच होता. पंप त्या यादीत नसले, तरी उरलेल्या डॉलरसाठीची रांग सगळ्यांचीच होती.

आता नीट लक्ष दे, कारण बुडवणारे गिऱ्हाईक आणि अडकलेले गिऱ्हाईक यांतला फरक तुझ्या पिढीला कोणी सांगत नाही. कानोत माझे पंप विकणाऱ्या विक्रेत्याने मला बँकेचे पत्र पाठवले होते. त्याच्या खात्यात नायरा भरपूर होते, डॉलरसाठीचा अर्ज मात्र पडून होता. माणूस सचोटीचा होता, माल त्याच्याकडे खपत होता, आणि तरीही त्याचा पैसा पुण्यात येऊ शकत नव्हता. त्याने १८० दिवसांच्या उधारीवर नवा माल मागितला, मी नकार दिला आणि त्याने माझ्याशी व्यवहार थांबवला. इतका चांगला माणूस तुटल्याची हळहळ मला आजही वाटते. आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या लोकांनी मला भित्रा म्हटले आणि त्या बाजारात ज्यांनी पाय रोवले त्यांची नावे मला पुनःपुन्हा ऐकवली. पण माझ्या फाउंड्रीचे बिल दर महिन्याला रुपयांत येत होते, पॅकिंग क्रेडिटचे, म्हणजे निर्यातीचा माल तयार करण्यासाठी बँकेकडून घेतलेल्या कर्जाचे, व्याज रोज चढत होते आणि शेडमधल्या कामगारांच्या पगाराला नायरा चालत नाही. आज तीच मागणी आली तर मी तेच उत्तर देईन. २०२३ च्या जूनमध्ये तिथला विनिमय दर मोकळा सोडला गेला, तेव्हा डॉलरला ४६० च्या आसपास असलेला नायरा पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला १,४०० च्याही पुढे घसरला. तिकीटविक्रीचे पैसे देशाबाहेर नेता येईनात म्हणून एमिरेट्ससारख्या विमान कंपनीनेही २०२२ मध्ये तिथली उड्डाणे थांबवली होती आणि ती २०२४ मध्येच पुन्हा सुरू झाली. एवढ्या मोठ्या कंपनीला जे जमले नाही ते भोसरीच्या शेडला जमेल असे मानणे हे धाडस नव्हे.

तू म्हणशील, मग केनिया. तिथेही प्रश्न तोच विचार. डॉलरची इतकी टंचाई झाली होती की एप्रिल २०२३ पासून सरकारने इंधनसुद्धा आखाती कंपन्यांकडून १८० दिवसांच्या उधारीवर घ्यायला सुरुवात केली. पण केनियात असे गिऱ्हाईकही आहे, जे स्वतःच परकीय चलन कमावते. नैवाशा सरोवराच्या काठचे फुलउत्पादक गुलाब युरोपात पाठवतात आणि त्यांचे पैसे युरोत येतात. त्यांना पाणी उपसायला पंप लागतात आणि पंपापेक्षाही जास्त त्याचे सुटे भाग लागतात. म्हणून देश निवडू नकोस, गिऱ्हाईक निवड, आणि निवडताना त्याला डॉलर कोण देणार हे आधी बघ. त्याचे उत्तर ‘मीच कमावतो’ असे असेल, तर तो देश साडेतीन टक्क्यांनी वाढतो की सहा, याची चिंता तू करू नये.

याची तालीम घरापासून तासाभराच्या अंतरावर करता येते, आणि हे तुला अजून सुचले नाही याचे मला आश्चर्य वाटते. मावळातले, तळेगावचे गुलाबवाले व्हॅलेंटाइनच्या हंगामात परदेशी माल पाठवतात. त्यांच्या पॉलिहाउसवर जा आणि उघडलेला पंप हातात घेऊन बघ. वाळूमिश्रित पाणी ओढणाऱ्या इंपेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या चक्राच्या, पात्यांच्या कडा अंगठ्याला कागदासारख्या पातळ लागतात, सील गळून शाफ्टवर चर पडलेला असतो. कोणता भाग किती महिन्यांनी बदलावा लागतो आणि तो भाग येईपर्यंत फुलांचे काय होते, हे तिथल्या माणसाकडून लिहून घे. नैवाशाच्या खरेदी अधिकाऱ्यासमोर तुला तुझ्या तक्त्यापेक्षा ही वही जास्त उपयोगी पडेल.

पैशांचेही सांगतो. पहिला माल थोडा आणि पूर्ण आगाऊ रकमेवर. त्यानंतर एलसी, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेने पैसे देण्याची दिलेली लेखी हमी, आणि तीही तिसऱ्या देशातल्या भरवशाच्या बँकेने कन्फर्म केलेली, म्हणजे त्या बँकेने स्वतःचीही हमी जोडलेली. ती बँक कन्फर्मेशनला किती शुल्क मागते ते बघ. कोणी कन्फर्म करायलाच तयार नसेल, तर त्या देशाविषयीचा दुसरा अहवाल वाचायची गरज नाही. ईसीजीसी या निर्यातदारांना विमा देणाऱ्या सरकारी कंपनीचे विमाछत्र जरूर घे. ते गिऱ्हाइकाच्या दिवाळखोरीप्रमाणे देशाने पैसा अडवण्याचा धोकाही उचलते, पण नुकसान पूर्ण भरून देत नाही, त्यामुळे त्याच्या जोरावर उधारी वाढवू नकोस.

बाबा राहत्या घरावर कर्ज काढायचे म्हणत आहेत असे तू लिहिले आहेस. नैवाशातल्या निदान एका फुलउत्पादकाची सुट्या भागांची आगाऊ रक्कम भोसरीच्या खात्यात जमा होईपर्यंत त्यांना त्या कागदांवर सही करू देऊ नकोस. माझे नाव सांगितलेस तरी चालेल.

तुझा,
काका