कंपनी नको, साहेब विचार

लेकी,

तुझा रात्री पावणेबाराचा मेसेज सकाळी वाचला. "काका, कंपनी चांगली की वाईट, तेच कळत नाहीये." तुझी रूममेट त्याच कंपनीत, हिंजवडीच्या त्याच बिल्डिंगमध्ये, गळ्यात तोच पट्टा. ती साडेसहाच्या बसने घरी येते आणि तू यूएसच्या कॉलवर डबा गार करत बसतेस. तिला रजेचं कारण कुणी विचारत नाही. तुला आजीच्या वर्षश्राद्धालाही लॅपटॉप घेऊन जा म्हणतात. दोघीही खरंच बोलताय. तेव्हा कंपनी कशी आहे हे विचारणं सोड. साहेब कसा आहे ते विचार.

कंपनी म्हणजे काय गं? पगाराची तारीख, पीएफ, मेडिक्लेम, नव्वद दिवसांची नोटीस. ते तुम्हा दोघींना सारखंच. रजा, रेटिंग, कोणतं काम वाट्याला येतं, कॉल किती वाजता, हे मात्र एका माणसाच्या हातात. अप्रेझलचंच बघ. तू वर्षभर राबून फॉर्म भरतेस, पण रेटिंग ठरतं तू नसलेल्या खोलीत. तिथे मॅनेजर बसतात, वरच्या रेटिंगच्या जागा मोजक्या, जो तो आपल्या माणसासाठी भांडतो. ज्याचा साहेब गप्प बसला तो बेल कर्व्हच्या, म्हणजे ठरावीक जणांना खाली बसवायलाच लावणाऱ्या रेटिंगच्या, खालच्या टोकाला. मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये ही सक्तीची उतरंड मोडली, आपल्याकडच्याही काही कंपन्यांनी मोडली. पण पगारवाढीचं बजेट आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे ती खोली काही गेली नाही. तिथे तुझ्यासाठी कोण तोंड उघडणार आहे?

आणि मोठ्यांच्या विधानांनी इतकं बिथरायचं कारण नाही. 2023 मध्ये नारायण मूर्ती आठवड्याला 70 तास म्हणाले, 2025 मध्ये एल अँड टीचे सुब्रह्मण्यन 90 म्हणाले. चहा संपेपर्यंत चर्चा झाली, संपलं. तुझे तास अलोकेशन शीट, म्हणजे कोण कोणत्या कामावर किती वेळ याचा तक्ता, भरणारा ठरवतो. टाउनहॉलमधलं "आपण एक कुटुंब" त्याच पंगतीतलं. कुटुंबात कुणी यूटिलायझेशन, म्हणजे कुणाचे किती तास कामी लागले ते, मोजतं का?

स्विच मारते म्हणतेस. मार. पण मागच्या इंटरव्ह्यूत होणाऱ्या साहेबाला तू काय विचारलंस? काहीच नाही, हे तूच सांगितलंस, आणि तेव्हाही मी चिडलो होतो. या वेळी विचार: गेल्या वर्षी टीममधून कोण गेलं आणि का? रात्रीचा कॉल पाळीपाळीने घेतात की नव्याच्याच गळ्यात? तो इकडचं तिकडचं बोलायला लागला, तर पॅकेज कितीही असो, उठून ये.

हे बोलायला मला काय जातं, असं वाटेल तुला. साहेबापायी मी ऑनसाइट, म्हणजे अमेरिकेत क्लायंटकडे जाऊन काम करणं, सोडलंय. माझ्या बॅचचे न्यू जर्सीला गेले ते तिकडचेच झाले. काकू अजून पाहुण्यांसमोर ते काढते. त्यांचे बर्फातले फोटो आले की पोटात तुटतं, नाही कशाला म्हणू? पण तिकडचा मॅनेजर माणसं पिळणारा म्हणून प्रसिद्ध होता. आणि इकडचा माझा साहेब, टीमकडून काही बिघडलं तर क्लायंटसमोर "माझ्याकडून राहिलं" म्हणायचा, मग केबिनमध्ये बोलावून नीट समजावायचा. जे काही काम येतं ते मी त्याच्या हाताखाली शिकलो. पैसे कमी मिळाले, मिळू देत. पुन्हा विचारलं असतं तरी मी इथेच राहिलो असतो. काकूला सांगू नकोस.

तर आधी आतल्या आत बदली बघ. आयजेपीत, म्हणजे कंपनीतल्याच लोकांसाठी निघणाऱ्या जागांत, काय निघालंय? रूममेटच्या साहेबाकडे जागा आहे का? एवढं जवळचं दार तू अजून ठोठावलं नाहीस, याचंच मला नवल वाटतं. तुझा साहेब रिलीज देणार नाही, बिलेबल आहेस, तुझ्या तासांचे क्लायंटकडून पैसे येतात, म्हणून अडवेल, तर त्याच्या वरच्याकडे वेळ माग. मेल मी बघून देतो.

राजीनामा ड्राफ्टमध्येच राहू दे. रविवारी जेवायला ये, आणि येताना जिथे जागा आहे अशा दोन-तीन मॅनेजरांबद्दल कळलेलं सगळं घेऊन ये. "टीम छान आहे" असलं मोघम चालणार नाही.

काका