प्रतिमेचं ॲपर्चर रुंदावणारे ऑप्टिकल वेव्हगाइड बनवणं सोपं करता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे: एआर (समोरच्या जगावर चित्र दाखवणाऱ्या) चष्म्यातला वेव्हगाइड, म्हणजे प्रोजेक्टरचा प्रकाश डोळ्यापर्यंत नेणारा भाग, दिसायला साधी काचेची पट्टीच असतो, मग तो बनवणं इतकं किचकट का? आणि प्रकाशाच्या अरुंद झोताचा (म्हणजे ॲपर्चरचा) आडवा-उभा विस्तार करण्यासाठी एका दिशेला काचेची चौकोनी दांडी आणि दुसऱ्या दिशेला तिला जोडलेली मोठी पाटी, या रचनेला सोपा पर्याय आहे का? अशा पट्ट्यांचं घासकाम, जोडकाम आणि तपासणी मी रोज करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पर्याय आहेत, आणि ते चांगले आहेत. पण त्याआधी अडचण नेमकी कुठे आहे ते बघू.

चष्म्याच्या काडीत मावणारा प्रोजेक्टर जेमतेम ४-५ मिलिमीटर रुंदीचा झोत देतो. डोळा सतत फिरत असतो, चष्मा नाकावरून घसरत असतो. तो झोत थेट डोळ्यात सोडला तर बाहुली जराशी सरकताच चित्र गायब होतं. म्हणून त्याच झोताच्या अनेक प्रती शेजारी-शेजारी मांडाव्या लागतात. पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे (तिरपा प्रकाश काचेबाहेर न पडता आतच परततो) झोत काचेत वर-खाली आपटत पुढे जातो आणि वाटेतले तिरपे, अंशतः परावर्तक आरसे थोडा-थोडा प्रकाश डोळ्याकडे वळवतात. यातली प्रत्येक प्रत म्हणजे अख्खं चित्र असतं, चित्राचा तुकडा नव्हे. दोन-तीन प्रती एकाच वेळी बाहुलीत शिरतात, त्यामुळे त्या एकमेकींवर तंतोतंत बसाव्याच लागतात.

आता हिशोब करू. पट्टी २ मिलिमीटर जाड आहे आणि किरण लंबाशी ५० अंशांचा कोन करून चाललाय असं धरा. एका वर-खाली फेरीत तो सुमारे ४.८ मिलिमीटर पुढे सरकतो, म्हणजे ४० मिलिमीटरच्या प्रवासात साधारण ८ फेऱ्या होतात. वरची आणि खालची बाजू समांतर असण्यात फक्त ५ आर्क-सेकंदांची (आर्क-सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) चूक असेल, तर दर फेरीला किरणाची दिशा १० आर्क-सेकंदांनी वळते. आठ फेऱ्यांत झाले ८०. चांगली नजर ६० आर्क-सेकंदांचा फरक ओळखते. म्हणजे पट्टीच्या या टोकाची प्रत आणि त्या टोकाची प्रत जुळत नाहीत, आणि अक्षरांना सावली येते.

५ आर्क-सेकंद म्हणजे ४० मिलिमीटर लांबीत जाडीत पडलेला अवघा १ मायक्रॉनचा फरक. तो आम्ही लाल लेझरच्या प्रकाशात बघतो. पट्टी खाली ठेवली की तिच्या दोन्ही पृष्ठांवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि काळे-लाल पट्टे उमटतात. १.५ अपवर्तनांकाच्या (काच प्रकाशाला किती वळवते त्याचं माप) काचेत एक पट्टा म्हणजे जाडीत सुमारे ०.२१ मायक्रॉनचा फरक. अख्ख्या पट्टीवर साडेचार पट्टे मोजले की मला कळतं, या तुकड्यातून अक्षरं दुहेरी दिसणार. हातात घेतला तर तो निर्दोष वाटतो, सगळा दोष त्या साडेचार पट्ट्यांतच असतो.

चौकोनी दांडीत हे दुखणं दुप्पट होतं. तिथे समांतर बाजूंच्या दोन जोड्या लागतात आणि त्या एकमेकींशी काटकोनातही हव्यात. काटकोन चुकला की परावर्तित प्रतिमा मूळ प्रतिमेवर बसत नाही आणि बाजूला भूत दिसतं. त्यात अरुंद बाजू पॉलिश करताना कडा गोल होतात, कोपऱ्याचे टवके उडतात. एकेक दांडी हाताळत बसणं म्हणजे दर तुकड्याला नव्यानं नशीब आजमावणं.

म्हणून पहिला उपाय म्हणजे ती दांडीच काढून टाकायची. आडवा आणि उभा, दोन्ही विस्तार एकाच पातळ पाटीत करायचे. आरशांचे दोन संच, दोन वेगवेगळ्या दिशांनी कललेले. मग प्रकाशाला सांभाळणाऱ्या बाजू चारऐवजी दोनच उरतात, त्याही मोठ्या, पॉलिश करायला सोयीच्या. २००० साली सुरू झालेली इस्राएलची ल्युमस कंपनी हळूहळू याच वाटेनं गेली.

त्याइतकाच महत्त्वाचा आहे कामाचा क्रम. दोन संच वेगवेगळे पूर्ण करून नंतर कडेला कड जोडली, तर जोडावर पायरी पडते किंवा सूक्ष्म कोन येतो. त्याऐवजी कोटिंग केलेल्या (अंशतः परावर्तक थर दिलेल्या, म्हणजेच आरसे होणाऱ्या) काचा रचून, चिकटवून आधी दोन ठोकळे करा. ते ठोकळे एकमेकांना जोडा, मग तिरप्या कापानं त्यातून पाट्या काढा आणि दोन्ही संचांची बाहेरची पृष्ठं एकाच वेळी पॉलिश करा. जोड आपोआप सपाट येतो आणि एका ठोकळ्यातून अनेक पाट्या निघतात.

मला सगळ्यात आवडणारी युक्ती मात्र झाकण-काचांची. खरखरीत दुधी काचेवर पाणी पडलं की ती पारदर्शक दिसते, हे तुम्ही पाहिलं असेल. तेच इथे वापरायचं. करवतीनं कापलेल्या पाटीला शेवटचं नाजूक पॉलिश देण्याऐवजी, तिच्याच अपवर्तनांकाचा गोंद लावून दोन्ही बाजूंना आधीच पॉलिश केलेल्या पातळ काचा चिकटवायच्या. खरखरीतपणा गोंदात बुडून जातो. गोंद यूव्ही प्रकाशात घट्ट होईपर्यंत सगळं दोन अचूक सपाट ठोकळ्यांमध्ये धरून ठेवायचं. समांतरता त्या साधनाकडून येते, आणि साधन एकदाच बनवायचं असतं. अट एवढीच की गोंद आणि काच यांचा अपवर्तनांक जुळला पाहिजे. जास्त अपवर्तनांकाच्या काचेला जुळणारा गोंद सहज मिळत नाही, म्हणून मी आधी गोंद ठरवते, मग काच. गोंद घट्ट होताना आकसतोही, तेव्हा घाई करून चालत नाही.

कोटिंगमध्येही बरीच बचत होते. पाच आरशांनी सारखाच प्रकाश द्यायचा, तर कागदावर २०, २५, ३३, ५० आणि १०० टक्के परावर्तन लागतं, म्हणजे पाच वेगवेगळी कोटिंग. पण पाचही आरसे १० टक्क्यांचे ठेवले तर पहिला १० टक्के देतो आणि पाचवा साधारण ६.६. उतार हलका असतो आणि समोरचं जगही स्वच्छ दिसतं. प्रकाश वाया जातो हे खरं. मधला मार्ग म्हणजे शेजारच्या दोन-दोन आरशांना एकच कोटिंग देणं.

प्रकाश आत घेणाऱ्या प्रिझमची कड जरा बोथट असली तरी चित्रात काळ्या पट्ट्या येतात. पाटीच्या मधोमध, पृष्ठांना समांतर असा एक अर्धपरावर्तक थर घातला की तो प्रकाश मिसळून त्या फटी भरतो, आणि कडेचा हट्ट सैल करता येतो.

आरशांऐवजी विवर्तन जाळीचे (प्रकाश वळवणाऱ्या अतिसूक्ष्म रेघांचे) वेव्हगाइड हा वेगळा मार्ग, मायक्रोसॉफ्टच्या २०१६ च्या होलोलेन्स या एआर चष्म्यामध्ये तोच होता. मास्टर साचा एकदा कोरला की नॅनोइम्प्रिंटनं (साचा दाबून सूक्ष्म रेघा उमटवण्याच्या पद्धतीनं) वेफरवर, म्हणजे काचेच्या पातळ चकतीवर, जाळीच्या प्रती छापता येतात. पण जाळी प्रत्येक रंगाला वेगळ्या कोनात वळवते, आणि वरचा १ मायक्रॉनचा हिशोब वेफरलाही चुकत नाही. प्लॅस्टिक साच्यातून काढायचं असेल तर बाण किंवा सूचना दाखवण्यापुरतं ठीक. रुंद दृष्टिक्षेत्रासाठी मी तरी ते सुचवणार नाही, कारण त्यात ताण उरतो आणि उष्णतेनं आकार बदलतो.

तुम्ही स्वतः ड्रॉइंग करत असाल तर एक विनंती. आर्क-सेकंदांची अट फक्त चित्र ज्यांना स्पर्श करतं त्याच पृष्ठांवर लिहा. बाहेरच्या कडा नुसत्या घासून काळ्या करायला सांगा, भरकटलेला प्रकाश तिथेच शोषला जातो. चारही कडांना सारखीच अट लावलेली ड्रॉइंग माझ्याकडे नेहमी येतात, आणि त्या कडांवर निम्मा वेळ जातो.