सागवानी जमिनीला पीयू गणपतीआधी नको, दिवाळीनंतर

ताई, गिरगावच्या घरातल्या जुन्या सागवानी फळ्यांना वॉटर-बेस्ड पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे लाकडावर मारायचं पारदर्शक पॉलिश, इथे पाण्यातलं) मारायचं आणि तेही गणपतीआधी, असं तुम्ही विचारलंय. निवड चांगली आहे. वास कमी, आणि तेलाच्या पीयूसारखं पुढे पिवळं पडत नाही. पण आत्ता नको, दिवाळीनंतर मारा.

यात रेझिनचे बारीक कण पाण्यात मिसळलेले असतात. पाणी उडालं की कण एकमेकांना चिकटून सलग थर होतो. जुलै-ऑगस्टच्या मुंबईत हवाच ओलीचिंब, मग ते पाणी जाणार कुठे? डब्यावर सुकायला लिहिलेले 'दोन-तीन तास' कोरड्या हवेतले. पावसात थर वरून सुका लागतो, आत कच्चा राहतो, आणि घाईने दुसरा हात मारला की दुधाळ दिसायला लागतो. शिवाय फळ्या आत्ता फुगलेल्या आहेत. हिवाळ्यात आकसल्या की सांध्यांवर चिरा पडतील.

तोवर एक तपासणी करून ठेवा. कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यावर टर्पेंटाइन घेऊन घासा. फडक्याला पिवळट चिकटा आला तर जुनं मेण आहे. ते पूर्ण निघाल्याशिवाय पॉलिशवाल्याला घासायचं मशीन लावू देऊ नका. मेणावर हे पीयू धरत नाही, पापुद्रे सुटतात. सागाचं स्वतःचंही तेल असतं, म्हणून घासून झाल्यावर थिनरने पुसून, ते उडालं की त्याच दिवशी पहिला हात.

पहिल्या हातानंतर तळवा फिरवलात तर जमीन खरखरीत लागेल. पाण्याने लाकडाचे रेषे उभे राहतात, त्यात बिघडलेलं काही नसतं. २२० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवून धूळ पुसा. स्टील वूल (लोखंडी तारांचा घासणी-गोळा) मात्र अजिबात नको, अडकलेले तुकडे पुढच्या हातातल्या पाण्याने गंजतात आणि डाग कायमचे राहतात. डबा हलवायचा नाही, काठीने सावकाश ढवळायचा, नाहीतर बुडबुडे जमिनीवर उतरतात.

पॉलिशवाला दोन हातांत उरकू म्हणेल. रोजच्या पायाखालच्या जमिनीला तीन हात हवेतच. दुसऱ्या दिवशी मोजे घालून चाला, पण कपाट आणि सतरंजी किमान आठवडाभर बाहेर. हार्डनर (थर कडक करणारं वेगळं रसायन) मिसळायचा प्रकार आणलात तर कारागिराला साधा कापडी मास्क पुरत नाही, वाफ गाळणाऱ्या कार्ट्रिजचा द्या, आणि मुलांना त्या दिवसांत दुसरीकडे पाठवा.